घरच्या बिअरचे पहिले धडे

इंग्लंडमध्ये १९६३ सालापर्यंत स्वतःच्या स्वयंपाकघरात बिअर करावयाची झाली तरी सरकारी परवाना घ्यावा लागत असे. हे बंधन १८८० च्या कायद्याने आलेले होते. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ते काढून टाकले आणि घरची बिअर विकावयाची नाही, एवढीच अट शिल्लक राहिली. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील छोटेसे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाहता पाहता औषधविक्रेत्यांच्या दुकानांतही माल्टच्या अर्काचे डबे, यीस्टच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या मोठ्या बादल्या दिसू लागल्या.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक वळणे घेऊन घडली. तेथील दारूबंदी १९२० साली सुरू झाली आणि १९३३ साली उठली. ती उठल्यावर घरी द्राक्षांची वाइन करण्यास मुभा मिळाली, परंतु बिअर मात्र कायद्याच्या शब्दांतून वगळली गेली. पुढे पंचेचाळीस वर्षे घरची बिअर हा अपराधच राहिला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी नव्या विधेयकावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून एका प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करण्याची परवानगी मिळाली. तरीही शेवटचा शब्द राज्यांकडेच होता. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये तर २०१३ सालापर्यंत अडून बसली होती.

या दोन देशांत थोड्या काळात असंख्य माणसे एकदमच या कामातील नवशिकी झाली. त्यांत शिक्षक होते, कारकून होते, यंत्रकामगार होते. त्यांना शिकवावयास घरात कोणी वडीलधारे नव्हते, कारण मधल्या पिढ्यांत ही विद्या घरातून उठून कारखान्यात गेलेली होती. म्हणून त्यांच्या चुका फार बोलक्या ठरल्या. त्या एकमेकांपासून शेकडो मैल दूर राहणाऱ्यांनी केल्या, तरी बहुतेक सारख्याच होत्या.

या चुका समजण्यासाठी बिअर म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असले पाहिजे. आपल्या भाषेत दारू ‘गाळतात’. हातभट्टीची दारू गाळली जाते, म्हणजे आंबवलेल्या द्रवाची वाफ करून ती थंड केली जाते. बिअर अशी गाळली जात नाही. ती दह्याप्रमाणे लावावी लागते आणि मग वाट पाहावी लागते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. ज्या विषारी दारूने माणसे मरतात, तिच्यात बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले असते. मुंबईतील मालवणी येथे २०१५ साली शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने दगावली. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. ऊर्ध्वपातनाची परवानगी मात्र अमेरिकेने घरच्या बिअरवाल्यांनाही दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

बिअरचा आधार जव, म्हणजेच बार्ली. ते भिजवून मोड आणतात आणि मोड फुटताच भट्टीत वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. महाराष्ट्रात तान्ह्या मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करताना घरोघरी हेच केले जाते. मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ आणि किंचित गोड लागते, कारण मोडांबरोबर दाण्यात जी विकरे तयार होतात ती पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवतात. भरडलेले माल्ट ६२ ते ७२ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की हेच काम वेगाने होते. ६३ अंशांच्या आसपास ठेवल्यास यीस्टला पचणारी साखर अधिक निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ७० अंशांकडे गेल्यास न पचणारा भाग अधिक राहतो आणि बिअर भरीव लागते. यातून निघालेल्या गोड काढ्याला वर्ट म्हणतात. तो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर तासभर उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते. तिचे मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड होतात.

नवशिका या सर्व खटाटोपात सहसा पडत नसे. त्याच्या हाती येई तो माल्टच्या अर्काचा तयार डबा, म्हणजे आटवलेला वर्ट. तो गरम पाण्यात विरघळवावयाचा, सुमारे २३ लिटरपर्यंत पाणी घालावयाचे आणि यीस्टची पुडी सोडावयाची. सत्तरच्या दशकातील डब्यांवरील सूचना सोबत किलोभर साखर घालण्यासही सांगत. पहिली चूक येथेच होई. एक किलो साखरेने बिअर कडक होते, तर दोन किलोंनी दुप्पट कडक होईल, असा सरळ हिशेब नवशिका करी. मद्यार्क वाढेही, परंतु साध्या साखरेत यीस्टला पोसणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये नसतात आणि बिअरला अंग देणारा न पचणारा भागही नसतो. हाती येई ते पातळ, आंबूस आणि घशाशी चरचरणारे पेय. घरच्या बिअरची जी वाईट कीर्ती इंग्लंडमध्ये दीर्घकाळ टिकली, तिचे मोठे श्रेय या स्वस्त साखरेकडे जाते. डेव्ह लाइन यांच्या १९७४ सालच्या पुस्तकाने अनेकांना डब्याकडून पुन्हा धान्याकडे वळवले.

दुसरा धडा स्वच्छतेचा. हा सर्वांत कंटाळवाणा खरा. परंतु बाकीचे सर्व धडे त्याच्यावर उभे आहेत. नवशिक्याला वाटते की बादली घासली म्हणजे झाले. प्रत्यक्षात ‘स्वच्छ’ आणि ‘निर्जंतुक’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मळ असलेल्या भांड्यावर जंतुनाशक नीट काम करीत नाही, म्हणून आधी धुणे आणि मग निर्जंतुक करणे हा क्रम चुकवता येत नाही. वर्ट उकळत असेपर्यंत चिंता नसते. तो थंड झाला की मात्र गोड, कोमट आणि रक्षण नसलेला असा तो हवेतील प्रत्येक जंतूला आमंत्रण असतो. उकळीनंतर त्याला जे जे लागेल, मग तो चमचा असो, नळी असो वा झाकण, ते निर्जंतुकच हवे. तारेच्या घासणीने घासलेली प्लास्टिकची बादली डोळ्यांना लख्ख दिसते, पण तिच्या ओरखड्यांत जंतू सुखाने राहतात. बिअर दुसऱ्या भांड्यात घेताना नळी तोंडाने ओढण्याची सवयही अशीच घातक. माणसाच्या तोंडातील जंतू थेट बिअरमध्ये उतरतात आणि महिन्याभराने बाटलीतून ताकासारखी आंबट बिअर निघते.

लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मुख्यतः हेच दाखवले होते. बिअर ‘रोगट’ होते ती यीस्टखेरीज इतर सूक्ष्म जीव तिच्यात शिरल्यामुळे. त्यापुढील पाऊल कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी उचलले. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट त्यांनी १८८३ साली तेथील कारखान्यात वापरावयास दिले. कारखान्याचे मालक जे. सी. जेकबसन यांनी ते गुपित म्हणून दडवले नाही, इतर बिअरवाल्यांनाही ते दिले. आज नवशिक्याच्या हातात येणारी यीस्टची पुडी त्या कामाची दूरची वारस आहे. त्यापूर्वी यीस्ट म्हणजे काय याची कोणालाच नीट कल्पना नव्हती. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध शुद्धतेच्या नियमात जव, हॉप आणि पाणी यांचाच उल्लेख आहे, यीस्टचा नाही.

जंतुनाशकांच्या उत्साहातून आणखी एक चूक जन्मते. ब्लीचिंगच्या द्रावणाने धुतलेली बादली पुरेशी खंगाळली नाही, किंवा नळाच्या पाण्यात क्लोरीन फार असले, तर ते यीस्ट व माल्टमधील काही संयुगांशी जोडले जाते आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. हा वास येण्यास अब्जांशी काही थोडे भागही पुरतात. बिअर कितीही दिवस ठेवली तरी तो जात नाही. एक दिलासा मात्र येथे नोंदवण्यासारखा आहे. मद्यार्क, आम्लता आणि हॉपची कडू द्रव्ये यांमुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये सहसा वाढत नाहीत. बिघडलेली घरची बिअर तोंड वाकडे करावयास लावते, रुग्णालयात सहसा पाठवत नाही.

तपमानाचा धडा इंग्रज नवशिक्यांनी एका विशिष्ट कपाटात गिरवला. तेथील अनेक घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळवण्याचे एक उबदार कपाट असे. यीस्टला ऊब लागते, हे ऐकलेला नवशिका आपली बादली नेमकी तेथे ठेवी. दुसऱ्याच दिवशी फेस उसळे, तिसऱ्या दिवशी सर्व शांत होई, आणि त्याला आनंद होई की काम लवकर झाले. साधे एल जातीचे यीस्ट १८ ते २२ अंशांवर शांतपणे, स्वच्छ काम करते. २८ ते ३० अंशांवर ते घाईने काम उरकते आणि त्या घाईत जड मद्यार्क व तीव्र गंधाची संयुगे सोडते. बिअरला पिकल्या केळ्याचा, कधी चक्क रंग पातळ करण्याच्या द्रावणाचा वास येतो. शिवाय किण्वनातून स्वतःची उष्णता निघते; बादलीच्या आतील द्रव बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरमच असतो. भिंतीवरील तपमापकावर विसंबणे म्हणूनच फसवे ठरते.

उष्ण प्रदेशातील नवशिके यावर एक उपाय करतात, जो आपल्याला नवा वाटणार नाही. बादली पाण्याच्या परातीत ठेवून तिच्याभोवती ओले फडके गुंडाळतात आणि पंखा लावतात. पाण्याची वाफ होताना उष्णता काढून घेतली जाते. माठाचे तत्त्व तेच. विदर्भासारख्या कोरड्या हवेत ते उत्तम चालते, कोकणच्या दमट हवेत फारसे नाही.

यीस्ट घालण्याची वेळही याच धड्याचा भाग आहे. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, हे आपल्याकडील लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही पंचवीस लिटर वर्ट थंड होण्याची वाट पाहताना मध्यरात्र उलटली, की भला माणूसही ५० अंशांवर पुडी सोडून मोकळा होतो. यीस्ट मरते. दोन दिवस काहीच घडत नाही, आणि त्या दोन दिवसांत इतर जंतूंना शेत मोकळे मिळते.

आता घाईचा धडा. यात धोका खराखुरा आहे. किण्वन चालू असताना भांड्याच्या झाकणातील पाण्याच्या सापळ्यातून वायूचे बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे किण्वन संपले, असे नवशिका धरून चालतो. परंतु झाकण सैल असले तरी बुडबुडे थांबतात, थंडीने यीस्ट झोपले तरी थांबतात. खरी साक्ष एकाच उपकरणाची, ते म्हणजे विशिष्ट गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर. साखर विरघळलेला वर्ट पाण्याहून जड असतो. समजा त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०४० आहे. साखर संपत जाते तसे ते उतरते आणि १.०१० च्या आसपास स्थिरावते. या दोन आकड्यांतील फरकास सुमारे १३१ ने गुणले की मद्यार्काचे शेकडा आकारमान मिळते. येथे ते जवळजवळ ४ येईल. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरावयाच्या.

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना लिटरमागे ६ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते आणि बंद बाटलीत वायू द्रवात विरघळतो. दर लिटरला ४ ग्रॅम साखरेतून साधारण त्या द्रवाच्याच आकारमानाइतका वायू निघतो. भरताना विशिष्ट गुरुत्व अवघे ०.००४ ने जास्त राहिले असेल, तर बाटलीतील वायू ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. पातळ काचेची बाटली हा ताण सोसत नाही. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात तळघरांतून रात्री-अपरात्री येणारे बाटल्या फुटण्याचे आवाज ही शेजाऱ्यांच्या परिचयाची गोष्ट होती. त्या काळी माल्टचे सरबत पाव भाजण्यासाठी म्हणून उघडपणे विकले जाई आणि हायड्रोमीटर फार थोड्यांकडे असे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटतात, आणि उडालेल्या काचेने डोळा जाऊ शकतो. अशा संशयित बाटल्या हाती घेऊन पाहणे हा शुद्ध वेडेपणा होय. जाणते लोक त्यांवर जाड गोणपाट टाकतात, शक्य तर त्या थंड करतात, आणि डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे घातल्याशिवाय झाकण उघडत नाहीत. पूर्वी बिअर किंवा फसफसणाऱ्या पेयासाठी वापरलेल्या जाड बाटल्याच घ्याव्यात, सरबताच्या घेऊ नयेत, हा नियम अशा अनुभवातूनच आला आहे.

बाटल्या भरताना बिअर उंचावरून ओतू नये, हेही सांगावयास हवे. यीस्ट घालण्यापूर्वी वर्टमध्ये हवा मिसळणे हिताचे असते, कारण वाढीसाठी यीस्टला प्राणवायू लागतो. किण्वनानंतर तोच प्राणवायू शत्रू ठरतो आणि बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव देतो. बाटली तपकिरी असावी. प्रकाशाने हॉपमधील द्रव्ये मोडून उग्र दर्प येतो.

इतके सांभाळून नवशिका पहिली चव घेतो, तीही बहुधा आठव्या दिवशी. ती बिअर गढूळ, किंचित गोड आणि फेसाविना असते. कित्येकांनी अशा वेळी सगळी बिअर मोरीत ओतून दिली आहे. तीच बिअर तीन आठवड्यांनी स्वच्छ आणि चवदार झाली असती, कारण यीस्ट मागे सोडलेल्या काही उग्र संयुगांचा पुढे स्वतःच फडशा पाडते. चार्ली पापाझिअन यांनी हे ओळखले होते. ते अणु-अभियांत्रिकी शिकलेले आणि पुढे कोलोराडोतील बोल्डर गावी शाळामास्तर झालेले गृहस्थ. सत्तरच्या दशकात ते तेथे घरच्या बिअरचे वर्ग चालवीत. १९७८ साली त्यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन ही संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि १९८४ साली त्यांचे पुस्तक निघाले. काळजी सोडा, हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता. वरवर पाहता हा उपदेश स्वच्छतेच्या कडक शिस्तीशी विसंगत वाटेल. परंतु भिणारा माणूस दर तासाला झाकण उघडून पाहतो, आणि त्या डोकावण्याने बिअरचे जितके नुकसान होते तितके एखाद्या किरकोळ चुकीने होत नाही.

वहीची गोष्ट राहिली. पहिली बिअर चांगली झाली तर ती कशामुळे, हे नवशिक्याला सांगता येत नाही. बिघडली तरी सांगता येत नाही. दुसऱ्या वेळी तो माल्ट बदलतो, यीस्ट बदलतो, जागाही बदलतो, आणि फरक पडला की आपल्या आवडीच्या कारणाला श्रेय देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि तारीख, तपमान व दोन्ही वेळचे विशिष्ट गुरुत्व लिहून ठेवणे, एवढे करणारे थोडेच. तरीही एका-दोन प्रयोगांवरून कितपत निष्कर्ष काढावा, हा प्रश्न उरतोच. तो डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील तज्ज्ञांपुढेही होता. तेथे काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०७ साली यीस्टच्या पेशी मोजण्यातील त्रुटींवर आणि १९०८ साली थोड्या नमुन्यांच्या सरासरीवर किती विश्वास ठेवावा यावर लेख लिहिले. कारखाना स्वतःच्या नावाने लिहू देत नसल्यामुळे त्यांनी ‘स्टुडन्ट’, म्हणजे विद्यार्थी, असे नाव घेतले. आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवली जाणारी ती कसोटी बिअरच्या कारखान्यातून आलेली आहे.

भारतातील परिस्थिती निराळी आहे. मादक पेयांविषयी कायदे करण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याविना असे पेय करणे गुन्हा ठरतो. गुजरात व बिहार या राज्यांत तर दारूबंदीच आहे. दुसरीकडे, झारखंड आणि ओडिशातील हंडिया, आसाम व अरुणाचलातील अपोंग, लडाखमधील जवाची छांग ही घरच्या बिअरचीच रूपे असून ती विद्या तेथे कधी घराबाहेर गेलीच नाही. आसामातील दिमासा समाजाच्या ‘जुडिमा’ या तांदळाच्या पेयास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तांदळाला मोड आणण्याऐवजी येथे वनस्पती व तांदळाचे पीठ मळून केलेल्या वड्या वापरतात. त्या वड्यांतील बुरशी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट तिचे मद्य करते. दोन्ही कामे एकाच मडक्यात चालतात. हे काम बहुतांशी स्त्रियांचे आहे. शिजवलेला भात पसरून निववावयाचा, हाताला कोमट लागेनासा झाला की मगच वडी चुरावयाची, मडके आधी धुराने किंवा उन्हाने तापवून घ्यावयाचे, हे तेथील मुली पाहता पाहता शिकतात. इंग्रज नवशिक्याला ज्यासाठी चार बादल्या फुकट घालवाव्या लागल्या, ते तेथे शिकवण्याचा विषयही मानला जात नाही.

कायद्यामुळे ज्यांना बिअर करता येत नाही, त्यांना या धड्यांचा अर्धा भाग मैद्याच्या कणकेवरही पडताळता येईल. एकाच कणकेचे तीन गोळे, तिन्हींत सारखेच यीस्ट; एक गोळा थंड जागी, एक सावलीत, एक उन्हाच्या झळेत ठेवावा. दर अर्ध्या तासाने त्यांची उंची मोजावी, दुसऱ्या दिवशी तिन्हींचा वास घेऊन पाहावा, आणि काय आढळले ते वेळेसह वहीत लिहून ठेवावे.